हात लावला की हम थांबतो, म्हणजे ग्राउंड तुटलंय? नेमकं उलट आहे

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात तो असा: तारांना हात लावल्यावर हम (अँपमधून येणारी नको असलेली सततची गुणगुण) कमी होत असेल तर गिटारचं ग्राउंड (सिग्नलचा शून्य व्होल्टेजचा सामाईक जोड) तुटलंय. आतल्या खोबणीला तांब्याची फॉइल लावा, पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालच्या भागांच्या) पाठींना जोडणाऱ्या वायरी काढून सगळी ग्राउंड एका बिंदूवर आणा, हम कायमचा जाईल. तरीही राहिला तर अँपच्या प्लगची अर्थ पिन काढा.

यातली फॉइलची गोष्ट अर्धी खरी आहे, दोन गोष्टी चुकीच्या आहेत आणि शेवटची जिवावर बेतणारी आहे. हा सल्ला ऐकून लोक धडधाकट वायरिंग उसकटून बसतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला दावा: हात लावला की आवाज कमी होतो, म्हणजे ग्राउंड गेलं. घरातल्या वायरिंगमुळे आसपास विद्युत क्षेत्र असतं आणि आपलं शरीर ते अँटेनासारखं पकडतं. गिटार पोटाशी धरली की शरीरावरचा तो व्होल्टेज पिकअपमध्ये (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागात) आणि आतल्या वायरींमध्ये शिरतो. तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात. त्यांना हात लागला की शरीरही ग्राउंड होतं आणि आवाज पडतो. म्हणजे हात लावल्यावर हम कमी होणं हा ब्रिजची (तारा ज्यावर टेकतात त्या धातूच्या भागाची) ग्राउंड वायर शाबूत असल्याचा पुरावा आहे.

ती खरोखर तुटली असेल तर लक्षणं वेगळी दिसतात. तारांना हात लावून काही फरक पडत नाही किंवा आवाज वाढतो, पण जॅकमध्ये घातलेल्या प्लगच्या धातूला बोट लावलं की तो पडतो. असं झालं तर मल्टिमीटरचं एक टोक तारेला आणि दुसरं प्लगच्या बाहेरच्या धातूला लावा. एक-दोन ओहमच्या आत आकडा यायला हवा. येत नसेल तर ट्रेमोलोच्या (दांडी दाबून सूर हलवता येणाऱ्या) गिटारमध्ये मागचं झाकण उघडून स्प्रिंगच्या पट्टीवरचा सोल्डरचा टाका आधी बघा. ती पट्टी जाड असते आणि उष्णता ओढून घेते. हलक्या सोल्डरिंग आयर्नने दिलेला टाका तिच्यावर पसरतच नाही, गोळीसारखा नुसता बसून राहतो. वायर हळूच हलवली की आकडा नाचायला लागतो. हेच ते ड्राय सोल्डर. पट्टी घासून, जास्त वॅटच्या आयर्नने पुन्हा टाका द्या, काम झालं. तारांना हात लावताच हम जोरात वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत का, तेही तपासा. ईएमजी कंपनीच्या पिकअपसारख्या अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपची गोष्ट मात्र वेगळी. तिथे तारांना ग्राउंड मुद्दामच देत नाहीत.

दुसरा दावा फॉइलचा. फॉइल विद्युत क्षेत्र अडवते, त्यामुळे ती टोकदार झर्रऽऽ नक्की कमी होते. पण ट्रान्सफॉर्मरमधून येणारा जाड घूंऽऽ चुंबकीय क्षेत्राचा असतो. ५० हर्ट्झला तांब्याची स्किन डेप्थ, म्हणजे क्षेत्र तांब्यात जिथवर शिरून बरंच मंदावतं ती खोली, सुमारे ९ मिलिमीटर आहे आणि फॉइल मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढीही जाड नसते. हे क्षेत्र तिच्यातून जणू ती नसल्यासारखंच आरपार जातं.

दोन्हींतला फरक कानाने कळतो. गिटार हातात धरून जागेवरच हळूहळू गोल फिरा. एका दिशेला हम जवळजवळ नाहीसा होत असेल तर तो चुंबकीय आहे, सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपचा स्वभावच आहे, आणि वायरिंगमध्ये शोधण्यासारखं काही नाही. यावरचा इलाज गिब्सन या गिटार कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये पेटंटसाठी दाखल केला होता: उलट दिशेचे दोन कॉइल, म्हणजेच हमबकर. तीन सिंगल कॉइल पिकअपच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा असेल तर पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला, जिथे दोन पिकअप एकत्र चालतात, हम गळतो, तोही याच कारणाने.

फॉइल लावायचीच असेल तर तुकडे एकमेकांना सोल्डर करा. बऱ्याच फॉइलचा गोंद वीज वाहू देत नाही. ती ग्राउंडला जोडायला विसरलात तर मेहनत फुकट, आणि जॅकची हॉट (सिग्नलची) पट्टी तिला टेकली तर गिटार मुकी.

एका बिंदूवरच्या ग्राउंडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पॉटच्या पाठींना जोडणाऱ्या ग्राउंड वायरींमधून बनणारं वर्तुळ (ज्याला ग्राउंड लूप म्हणून दोष देतात) म्हणजे एक वेढा. शेजारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये सात-आठ हजार वेढे असतात. हम कोण पकडणार ते उघड आहे. चांगले टाके काढू नका.

त्यापेक्षा व्हॉल्यूम शून्यावर आणून बघा. हम गेला तर तो पिकअपमधून किंवा पिकअपपासून व्हॉल्यूम पॉटपर्यंतच्या वायरिंगमधून येतोय. राहिला तर केबल, जॅक किंवा अँप, नाहीतर त्या पॉटचाच ग्राउंडचा टाका. अँपमधून केबल काढूनही हम येत असेल तर गिटार उघडण्याची गरजच नाही.

आता अर्थ पिन. केबलच्या जाळीतून तुमच्या तारा थेट अँपच्या चॅसिसला जोडलेल्या असतात. अँपमध्ये इन्सुलेशन फाटलं तर अर्थमधून प्रवाह जातो आणि फ्यूज उडतो. पिन काढली असेल तर चॅसिसमध्ये मेन्सची वीज उतरते, आणि तिच्याबरोबर तारांमध्येही. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत रंगमंचावर शॉक लागून गेला. तारांवर हात असताना त्याने अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श केला होता. त्याच्या बाबतीत दोष माइकच्या बाजूला होता, पण अर्थ तुटलेली वस्तू मंचावर काय करू शकते ते यातून कळतं.

खरा ग्राउंड लूप बनतो तो दोन अर्थ केलेली उपकरणं सिग्नल केबलने जोडल्यावर: दोन अँप, किंवा अँप आणि कॉम्प्युटर. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तेवढ्याने भागलं नाही तर सिग्नलच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. तो लूप सिग्नलच्या बाजूने तोडतो आणि मेन्सच्या अर्थला हात लावावा लागत नाही.