हेलियम, अमेरिकी सरकार आणि ‘नेमून दिलेला दुकानदार’

गेले काही महिने एक मजकूर ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे. मला तो चार वेगवेगळ्या माणसांनी पाठवला, त्यांतला एक माझा सख्खा मामेभाऊ. मजकूर थोडक्यात असा: “अमेरिकेत हेलियम खुल्या बाजारात मिळतच नाही. सरकारने नेमून दिलेल्या कंपनीकडूनच तो घ्यावा लागतो. त्या कंपनीचं घर भरावं म्हणूनच हा नियम. याच नियमामुळे हिंडेनबर्ग हे जर्मन हवाईजहाज जळालं, याच नियमामुळे जगात हेलियम महाग झाला आणि आपल्याकडे एमआरआयचे दर वाढले. आणि हा वायू शोधला कुठे? तर आपल्या विजयदुर्गावर!”

मी बरीच वर्षं एनएमआरच्या (एमआरआयच्याच तत्त्वावर रेणूंची रचना तपासणाऱ्या यंत्रांच्या) लॅबमध्ये काढली आहेत, त्यातली काही अमेरिकेतल्या एका विद्यापीठात. एनएमआरचा चुंबक उणे २६९ अंशांवरच्या द्रव हेलियममध्ये बुडालेला असतो आणि त्या हेलियमची पातळी राखणं हे माझं काम होतं. त्यामुळे या मजकुराकडे मला नुसता फॉरवर्ड म्हणून बघता येत नाही. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि जिथे खरोखर चूक झाली त्याबद्दल त्यात अवाक्षरही नाही.

पहिलं वाक्य घेऊ. “खुल्या बाजारात मिळतच नाही.” अमेरिकेत फुगेवाला, वेल्डर, हॉस्पिटल, खासगी कारखाना, कुणीही कुठल्याही गॅस डीलरकडून हेलियम घेत आला आहे. ठरलेल्या पुरवठादाराची अट होती ती संघराज्य सरकारची खाती आणि त्या खात्यांची कामं घेणारे कंत्राटदार व उपकंत्राटदार यांना. तीही सरसकट नव्हे. एका ठिकाणी वर्षाला २,००,००० घनफुटांपेक्षा जास्त वायू किंवा ७,५१० लिटरपेक्षा जास्त द्रव हेलियम लागणार असेल तरच. दोन लाख घनफूट म्हणजे किती, तर मोठ्या सिलिंडरात अडीचशे-तीनशे घनफूट मावतात असं धरलं तर वर्षाला सात-आठशे सिलिंडर. दोन-चार चुंबकांची साधी लॅब या आकड्याच्या आसपासही जात नाही. हा नियम होता रॉकेटच्या टाक्या हेलियमने दाबाखाली ठेवणाऱ्यांसाठी, मोठ्या सरकारी प्रयोगशाळांसाठी आणि सैन्यासाठी. शिवाय नियमातच म्हटलं होतं की माल उपलब्ध असेल तेवढ्यापुरतीच ही अट.

“सरकारने नेमून दिलेली कंपनी” हेही तसंच. कंपनी एक नव्हती, यादी होती. अमेरिकेच्या भू-व्यवस्थापन खात्याचं टेक्सासमधल्या अमरिलो इथलं कार्यालय ती यादी ठेवायचं. खात्याकडून कच्चा, म्हणजे पुरता शुद्ध न केलेला, हेलियम घेण्याचा करार ज्या खासगी विक्रेत्याने केला असेल त्याचं नाव यादीत यायचं. खरेदी करणाऱ्याने त्यातला कुठलाही निवडावा.

मग हा करार तरी कशाला? सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अमरिलोजवळ क्लिफसाइड नावाचं नैसर्गिक वायूचं क्षेत्र आहे. १९६० च्या कायद्यानंतर सरकारने खासगी कंपन्यांकडून कच्चा हेलियम विकत घेऊन तो पाइपलाइनने आणून तिथल्या खडकाच्या पोटात साठवायला सुरुवात केली. कॅन्ससच्या वायूविहिरींतून नैसर्गिक वायूबरोबर हेलियम येत होता आणि वेगळा काढला नाही तर तो जळणाबरोबर हवेत निघून जात होता. हवेत गेलेला हेलियम परत गोळा करणं परवडत नाही. म्हणून आत्ता जपून ठेवावा, पुढे लागेल, हा विचार. विचार चांगला होता, पण पैसा उसना होता. खरेदीसाठी सरकारी तिजोरीतूनच कर्ज काढलेलं, आणि हेलियम विकून ते फिटेल हा अंदाज साफ चुकला. १९७० च्या दशकात खरेदी बंद पडली, व्याज मात्र चालूच राहिलं. १९९० च्या दशकाच्या मध्यात हा बोजा सुमारे १.४ अब्ज डॉलरवर गेला होता, आणि त्यात मुद्दलापेक्षा व्याजच कितीतरी पट.

१९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठरवलं की सरकारने हेलियम शुद्ध करून विकण्याच्या धंद्यातून बाहेर पडावं. सरकारी शुद्धीकरण १९९८ मध्ये थांबलं. मग सरकारी खात्यांनी शुद्ध हेलियम आणायचा कुठून? खासगी कंपन्यांकडून. पण त्या कंपनीने जितका शुद्ध हेलियम सरकारी ग्राहकाला विकला, तितकाच कच्चा हेलियम सरकारी साठ्यातून विकत घ्यायचा. त्या विक्रीचा पैसा कर्जाकडे वळायचा. ‘ठरलेला पुरवठादार’ तो हा. बँकेत भरलेली नोट तीच परत मिळत नाही, तसंच इथे. कॅलिफोर्नियातल्या लॅबला प्रत्यक्षात वायोमिंगचा हेलियम मिळाला तरी चालायचं, हिशेब मात्र क्लिफसाइडच्या साठ्याशी जुळला पाहिजे. म्हणूनच कंत्राटात एक कलम असायचं, की माल हाती आल्यापासून दहा दिवसांत पुरवठादाराचं नाव, किती घेतला, कधी आला आणि कुठे वापरला एवढं कळवायचं. मजकुराच्या एका लांबलचक आवृत्तीत याला “सरकारी पाळत” म्हटलं आहे. चार रकाने असतात ते. पुरवठादाराने खरोखर तितका कच्चा माल उचलला का, हे ताडून बघायचा याहून साधा मार्ग मला तरी सुचत नाही.

तेव्हा “कंपनीचं घर भरावं म्हणून” हे वाक्य उलट आहे. नियम सरकारी तिजोरीचं देणं फेडण्यासाठी होता, आणि २०१३ मध्ये ते देणं फिटलंही.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी, कारण मजकूर लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा तीच असावी. यादी खुली असली तरी लांब नव्हती. सरकारी पाइपलाइनला जोडलेले शुद्धीकरण कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि कच्चा हेलियम घेऊन तो शुद्ध करायची सोय त्यांच्याचकडे. बाहेरच्या कुणी सरकारकडून कच्चा माल घेतला तरी तो शुद्ध करून घ्यायला याच लोकांच्या दारात जावं लागे. ही तक्रार रास्त होती. २०१३ च्या कायद्याने म्हणूनच लिलाव आणले आणि दुसऱ्याचा माल वाजवी दराने शुद्ध करून द्यायची तयारी दाखवण्याचं बंधन या कारखान्यांवर घातलं. पण हा अडसर पाइपलाइनच्या रचनेतून आला होता. सरकारी खरेदीदारांवरच्या अटीतून तो आलेला नाही.

आता माझी गोष्ट. २०१२-१३ च्या टंचाईत आमच्या डीलरने एके दिवशी कळवलं, की या महिन्यात ठरलेल्या मालापैकी निम्म्याच्या जरा वर मिळेल, पुढच्या महिन्याचं नंतर बघू. आमच्याकडे तीन चुंबक. हेलियम भरताना लांब नळीचं एक टोक टाकीत आणि एक चुंबकाच्या तोंडात असतं. आधी नुसती फुसफुस ऐकू येते, मग तोंडातून पांढरा झोत उसळतो, नळीच्या उघड्या भागावर हवा द्रवरूप होऊन थेंब थेंब खाली पडते. हात मोज्यात, कान आवाजाकडे, कारण चुंबक भरत आला की आवाज बदलतो. त्या महिन्यात तिसऱ्या चुंबकाच्या वेळी टाकीच आधी संपली. मीटरवरचा काटा होता तिथेच राहिला. आम्ही त्या चुंबकातला विद्युतप्रवाह रीतसर उतरवला आणि तो बंद केला. एका पीएचडीच्या मुलीचं सहा महिन्यांचं मोजमाप त्यावर चालू होतं.

आणि आम्ही त्या ‘सक्ती’च्या बाहेर होतो, हे इथे सांगायला हवं! विद्यापीठाला संशोधनासाठी सरकारी अनुदान असलं तरी अनुदान म्हणजे कंत्राट नव्हे, म्हणून ठरलेल्या पुरवठादाराचा नियम आम्हाला लागू नव्हता. आम्ही खुल्या बाजारात होतो, आणि टंचाईत पहिली कात्री आमच्यावरच चालली. नियमातल्या सरकारी ग्राहकांच्या मागे साठ्यातला माल उभा होता. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अहवाल दिला, तेव्हा त्यात शिफारसच केली होती की अनुदानावर चालणाऱ्या संशोधकांनाही या व्यवस्थेत आत घ्या. २०१३ च्या कायद्यात सरकारी वापरकर्त्याच्या व्याख्येत अनुदानधारक संशोधक आले आणि साठ्यातले शेवटचे ३ अब्ज घनफूट फक्त सरकारी वापरकर्त्यांसाठी राखून ठेवले गेले. फॉरवर्डमध्ये जिला जुलूम म्हटलं आहे, त्या व्यवस्थेत शिरायला प्रयोगशाळा धडपडत होत्या. लांबून ती सक्ती दिसते. रांगेत उभं राहिलेल्याला कळतं की ती पुढची जागा होती.

हिंडेनबर्गचं प्रकरण लवकर आटोपतं. ते ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला जळालं, ३६ माणसं गेली. त्यात हायड्रोजन भरला होता, कारण अमेरिकेने हेलियमची निर्यात रोखली होती. हे खरं. पण तो निर्यातबंदीचा कायदा १९२० च्या दशकातला. दुर्घटनेनंतर निर्यात सैल करायचं ठरलं, तरी १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर अमेरिकेचे अंतर्गत व्यवहार मंत्री हॅरोल्ड इकीज जर्मनीला हेलियम द्यायला तयार झाले नाहीत. सरकारी खरेदीच्या १९९६ नंतरच्या नियमाने १९३७ चं जहाज कसं जळेल?

“याच नियमामुळे जगात हेलियम महाग झाला.” इथे तर चोर सोडून संन्याशाला फाशी आहे. दर ठरला १९९६ च्या कायद्यातल्या सूत्राने. ढोबळमानाने, कर्जाची रक्कम भागिले साठा, आणि वर दरवर्षी महागाईची भर. १.४ अब्ज डॉलरला सुमारे ३० अब्ज घनफुटांनी भागा, हजार घनफुटांना पन्नासच्या आत-बाहेर डॉलर येतात. हेलियम दुर्मीळ आहे का, मागणी किती, यातलं काहीच त्या सूत्रात नाही. सुरुवातीला हा दर बाजारापेक्षा चढा होता, पुढे मागणी वाढली तसा तो बाजारापेक्षा खाली राहिला. त्यातच २०१५ उजाडण्याच्या आत जवळजवळ सगळा साठा विकून टाकायची मुदत कायद्यातच घातलेली. जगातला सगळ्यात मोठा साठा अशा पद्धतीने बाजारात उतरला आणि हेलियम उधळायची जगाला सवय लागली. हेलियमच्याच अभ्यासासाठी १९९६ चं नोबेल मिळालेले रॉबर्ट रिचर्डसन हे २०१० च्या अहवालाच्या समितीचे सहअध्यक्ष होते. हा वायू फार स्वस्तात फुंकला जातो आहे हे ते जाहीरपणे सांगत राहिले. माझा राग आहे तो या सूत्रावर आणि त्या मुदतीवर. साठवण्यामागचा हेतू विसरून फक्त कर्जवसुली पाहिली गेली, आणि तेही अशा वस्तूच्या बाबतीत जी एकदा सुटली की पृथ्वीच्या हवेतूनही निसटून अवकाशात जाते.

राहिलं आपल्या एमआरआयचं. भारत जवळजवळ सगळा हेलियम आयात करतो आणि त्यात कतारचा वाटा मोठा. जून २०१७ मध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा रास लफानचे हेलियम कारखाने काही काळ बंद पडले. जानेवारी २०२२ मध्ये रशियातल्या अमूरच्या नव्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, आणि त्याच सुमारास क्लिफसाइडचं संयंत्रही काही महिने बंद होतं. पुण्यातल्या हॉस्पिटलच्या बिलात हेलियमचा जो काही वाटा असेल तो अशा घटनांनी हलतो. शिवाय नव्या धर्तीच्या काही एमआरआय यंत्रांत जेमतेम ७ लिटर हेलियम कायमचा बंद करून ठेवलेला असतो. जुन्या यंत्रांना हजार-दीड हजार लिटर लागायचा.

आणि विजयदुर्ग. हे लिहिताना मलाही वाईट वाटतं, कारण किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ मी लहानपणी बाबांचं बोट धरून पाहिले आहेत आणि तेव्हा हीच गोष्ट ऐकली होती. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्यज्वालांचा वर्णपट फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून पाहिला. ज्यांच्या नावाने ही गोष्ट सांगतात ते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या ग्रहणाला भारतात आलेच नव्हते. त्यांनी वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना पाहिली. ते विजयदुर्गावर आले हे मात्र खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडूनही जवळजवळ तीन वर्षं झाली होती.

फॉरवर्ड आजही “घ्यावा लागतो” असं वर्तमानकाळात बोलतो, म्हणून शेवटी एवढं. जून २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने क्लिफसाइडचा साठा, विहिरी आणि पाइपलाइन मेसर या मूळच्या जर्मन कंपनीला विकली. ज्या साठ्यावर ती अट उभी होती तो आता सरकारचा नाही. विक्रीआधी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांनी आणि उद्योगसंघटनांनी पुरवठ्यात खंड पडेल म्हणून काळजी व्यक्त केली होती. माझी ती जुनी लॅब अजून चालू आहे. तिथे आता चुंबकातून उडणारा हेलियम छतालगतच्या मोठ्या पिशवीत गोळा करतात आणि पुन्हा द्रवरूप करून वापरतात. बंद केलेला तिसरा चुंबक मात्र पुन्हा सुरू झाला नाही.