माफी म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे

उपचारांत झालेली चूक रुग्णापुढे मान्य करावी का, यावर महाराष्ट्रातल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींशी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते: "इथे चूक मान्य केली तर नातेवाईक आधी काचा फोडतील आणि मग पोलिसांत जातील." २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला झालेली मारहाण आणि त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टरांनी घेतलेली सामूहिक रजा ज्यांना आठवते, त्यांना ही भीती निराधार वाटणार नाही. मलाही ती वाटत नाही. मात्र त्या भीतीपोटी आपण रुग्णाशीच नव्हे, तर एकमेकांशीही बोलणे सोडून दिले आहे, याचे मला दुःख होते.

मी इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ आहे. काही वर्षांपूर्वी पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या एका बाईंना शस्त्रक्रियेच्या वेळी माझ्या हातून त्याच गटातले प्रतिजैविक दिले गेले. त्यांच्या अंगावर गांधी उठल्या, रक्तदाब घसरला. वेळीच उपचार झाल्याने त्या सावरल्या. संध्याकाळी वरिष्ठांसोबत मी त्यांच्या खाटेपाशी गेले, काय घडले ते सांगितले आणि माफी मागितली. "मग माझ्या मनगटावरची लाल पट्टी कशासाठी होती?" असे त्यांनी विचारले. उत्तर शोधताना लक्षात आले, की ॲलर्जीची विचारणा भूल देण्यापूर्वी झाली होती, प्रतिजैविक बऱ्याच वेळाने दिले गेले होते आणि तोपर्यंत त्यांचा हात, पट्टीसकट, चादरीखाली झाकला गेला होता. विभागाच्या बैठकीत मी हे सारे मांडले. तेव्हापासून आमच्याकडे प्रतिजैविक टोचण्याआधी औषधाचे नाव आणि रुग्णाची ॲलर्जी मोठ्याने उच्चारली जाते. मी गप्प राहिले असते, तर त्या चादरीकडे कोणाचेच लक्ष गेले नसते.

हे धैर्य माझे एकटीचे नव्हते. उपचारांदरम्यान अनपेक्षित घटनेमुळे ठरावीक मर्यादेपलीकडे इजा झाली, तर ती रुग्णाला सांगणे इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेवर २०१४ पासून कायद्याने बंधनकारक आहे. आणि केवळ माफी मागितली म्हणून निष्काळजीपणा मान्य केला असे होत नाही, हे तिथल्या २००६ च्या नुकसानभरपाईविषयक कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही इंग्लंडचा आदर्श करून ठेवावा असे मी म्हणणार नाही. लेस्टरमधील एका बालकाच्या मृत्यूप्रकरणी दोषी ठरलेल्या डॉ. हादिझा बावा-गार्बा यांचे नाव २०१८ च्या जानेवारीत वैद्यकीय नोंदणीतून काढले गेले आणि ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मधल्या काळात स्वतःच्या चुकांविषयी लिहून ठेवायला इंग्लंडमधले डॉक्टरही धजावत नव्हते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले आहे, की डॉक्टरवर फौजदारी खटला चालवायचा तर निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असला पाहिजे. नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरसाठी कमाल शिक्षा दोन वर्षांची, म्हणजे इतरांपेक्षा कमी आहे. आपल्या चर्चा मात्र शिक्षा किती असावी याच्यापुढे जात नाहीत. माफीला संरक्षण देणारे एक साधे कलम डॉक्टरांच्या संघटनांनी शिक्षेतल्या सवलतीइतक्याच आग्रहाने मागावे, असे मला वाटते, कारण त्याचा लाभ रुग्णालाही होईल.

कायद्याला वेळ लागेल. पण मी निवासी डॉक्टर असताना मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या बैठकीत पहिला प्रश्न "ड्युटीवर कोण होते?" हा असे, आणि नाव कळले की बैठक जवळजवळ संपलेली असे. हा प्रश्न बदलायला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही. सलग छत्तीस तास जागलेल्या पोराने किंवा पोरीने आधी तोंड उघडावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. पुढच्या बैठकीत विभागप्रमुखांनीच उभे राहून स्वतःची एखादी चूक, तारखेसकट, सांगावी.