हाडे जड नाहीत, चरबी वाढली आहे

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: भारतीयांची हाडे मुळातच जड असतात, म्हणून बीएमआय (किलोंतले वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २८ पर्यंत गेला तरी आपल्यासाठी तो नॉर्मलच, लठ्ठपणा हा श्रीमंत पाश्चात्त्य देशांचा आजार आहे, थोडी जाड माणसेच जास्त जगतात, आणि वजनाची ही सगळी भीती औषध कंपन्यांनी पेरलेली आहे. माझ्या थोरल्या मामांनी तो मला पाठवला आणि डॉक्टरांनी सांगितलेली साखरेची तपासणी ‘आता गरज नाही’ म्हणून रद्द केली. त्यामुळे हा संदेश नुसता पुसून टाकून भागणार नाही.

यातला सर्वांत घातक मुद्दा जड हाडांचा, कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. समान उंचीच्या दोन माणसांच्या सांगाड्यांत किलो-दोन किलोंचा फरक पडेल. हा संदेश सुमारे १३ किलोंची सूट देतो, तेवढा पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचीही मापे घेतली. ती बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, स्नायूही कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे आपल्याकडे हाडामांसाचा वाटा कमी आणि चरबीचा जास्त, हे जन्मापासूनच दिसते.

म्हणूनच भारतीयांसाठी तज्ज्ञांनी निकष सैल केले नाहीत, उलट कडक केले: बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला जास्त वजनाची रेषा ६३ किलोंच्या आसपास लागते. हा संदेश त्याला ७६ किलोंपर्यंत निर्धास्त राहायला सांगतो. शंका असेल त्याने मापपट्टी घ्यावी. पँटच्या नंबरावर विसंबू नये, कारण पोट सुटले की पट्टा त्याच्या खाली सरकतो आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून घेर मोजावा. तो पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. पोटातल्या अवयवांभोवतीची ही चरबी यकृताकडे सतत स्निग्धाम्ले (चरबीचे घटक) सोडत राहते, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि साखर वाढू लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या उंबरठ्यावर काहीच दुखत-खुपत नाही, म्हणून तर तपासणी करायची असते.

पाश्चात्त्य आजाराचा मुद्दा लगेच निकालात निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार १९९० मध्ये जगातील २५ टक्के प्रौढांचे वजन जास्त होते, २०२२ मध्ये ४३ टक्क्यांचे, म्हणजे सुमारे २५० कोटी लोकांचे. आणि लठ्ठपणाचे सर्वाधिक प्रमाण टोंगा, नाउरू यांसारख्या प्रशांत महासागरातील बेटांवर आहे.

जाड माणसे जास्त जगतात, यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागेल. किंचित जास्त वजनाच्या गटात मृत्यूचे प्रमाण थोडे कमी दिसले, असे २०१३ चे एक मोठे विश्लेषण खरोखरच आहे. मात्र धूम्रपानाने आणि जुनाट आजारानेही माणूस बारीक होतो आणि लवकर जातो. असे लोक वगळून २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच २३९ अभ्यासांची आकडेवारी मांडली गेली, तेव्हा सर्वांत कमी मृत्यू बीएमआय २० ते २५ च्या गटात आढळले. बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, हेही खरे. पण ती उणीव आपल्या बाबतीत धोका कमी दाखवते, जास्त नव्हे.

राहिल्या औषध कंपन्या. वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांतून त्या बक्कळ पैसा कमावत आहेत, यात वाद नाही. पण त्यांतल्या सेमाग्लूटाइडला अमेरिकेत वजनासाठी मान्यता मिळाली २०२१ मध्ये, आणि जागतिक आरोग्य संघटनेने लठ्ठपणाला जागतिक साथ म्हटले ते १९९७ च्या तज्ज्ञ बैठकीनंतर. शिवाय मामांनी जी तपासणी रद्द केली, तिच्यात कोणतेही इंजेक्शन विकले जात नाही. उपाशीपोटी थोडेसे रक्त द्यावे लागते, इतकेच.