घोरणं वेगळं, रक्त कमी असणं वेगळं

इंदूरच्या आमच्या राजेंद्र नगरातल्या ग्रुपवर तो निरोप या महिन्यात तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: लहान मूल घोरतं, रात्रभर लोळतं, दिवसा चिडचिड करतं, याचं कारण एकच, रक्त कमी. बीट द्या, गूळ-खजूर घातलेलं दूध द्या, दोन महिन्यांत घोरणं जाईल. टॉन्सिलचं ऑपरेशन करू नका, प्रतिकारशक्ती जाते. खाली हात जोडलेले.

माझ्या मुलाला चौथ्या वर्षी दोन्ही निघालं होतं, लोहाची कमतरताही आणि झोपेत श्वास अडकणंही. म्हणून गप्प बसवत नाही.

'घोरणं रक्त कमी असल्यामुळे.' नाही हो. घोरणं घशातलं. नाकामागच्या गाठी, म्हणजे अ‍ॅडेनॉइड, आणि टॉन्सिल साधारण दोन ते आठ या वयात श्वासाच्या वाटेच्या मानानं फार मोठे असतात. झोपेत स्नायू सैल पडले की वाट बुजते. सासूबाई म्हणायच्या, "दमलाय गं, गाढ झोपलाय." मान मागे टाकलेली, तोंड उघडं, उशी घामानं ओली. घोरता घोरता एकदम शांत. गळ्याखालचा खळगा आत ओढला जायचा, छाती धडपडायची, आवाज मात्र नाही. मी मोजायचे. सात, आठ, नऊ, आणि मग दचकून मोठा श्वास. मोठ्या माणसाच्या स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभर झोपेत केलेल्या तपासणीत, तासाला श्वासाचे पाचपेक्षा कमी अडथळे चालवून घेतात. मुलांमध्ये एकसुद्धा जास्त धरतात.

मग निरोप खरा का वाटतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) मध्य प्रदेशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 72.7 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. घोरणाऱ्या मुलाचं रक्त तपासा, बहुतेक कमीच निघेल. न घोरणाऱ्याचंही निघेल!

पण एक गोष्ट त्या निरोपात अर्धी बरोबर आहे. झोपेत लोळणं, पाय झाडणं याचा लोहाशी संबंध असू शकतो, आणि तो हिमोग्लोबिनमध्ये दिसेलच असं नाही. आमचं हिमोग्लोबिन 11.4, म्हणजे पास. शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन 14, लॅबच्या कागदावर तेही नॉर्मल. पाय झाडणाऱ्या मुलात ते 50 च्या वर असावं असं डॉक्टर म्हणाले. सर्दी-तापात फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, म्हणून त्यांनी खोकला जाईपर्यंत थांबायला लावलं होतं.

आता ते दूध. लिटरभर दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि त्यातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. आमचा पठ्ठ्या दिवसाला तीन मोठे ग्लास प्यायचा आणि जेवायला नको म्हणायचा. बिटाचा रंग लाल, एवढंच. लोह फारसं नाही. आपण पोह्यांवर लिंबू पिळतो ते मात्र उत्तम, त्यानं लोह शोषायला मदत होते. लगेच आजोबांच्या बशीतला चहा नातवाच्या तोंडाला लागतो, तो लोह शोषू देत नाही, आणि केलेलं वाया.

ऑपरेशनबद्दल: प्रतिकारशक्ती एकट्या टॉन्सिलवर टांगलेली नसते. ऑपरेशन किरकोळ आहे असं मी म्हणणार नाही. आठ-दहा दिवस घसा दुखतो, रक्तस्रावाचा धोका असतो. प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला ते लागतही नाही, सौम्य असेल तर नाकातला स्प्रे देऊन वाट बघतात. आमच्याकडे लागलं. घोरणं थांबलं, पाय झाडणं चालूच राहिलं. ते लोहाच्या सिरपनं काही महिन्यांत कमी झालं. मधे शी काळी झाली म्हणून सासूबाई घाबरल्या होत्या. लोहानं होते तशी.

सिरप मात्र मनानं सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही हिमोग्लोबिन कमी दिसतं, आणि तिथे लोहाची कमतरता असेलच असं नाही. बाटली उंच फळीवर ठेवा. मुलानं एकदम बरंच पिऊन टाकलं तर ते विषच.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "डॉक्टरांना झोपेतल्या घोरण्याचा व्हिडिओ दाखवायचा तर कसा काढायचा गं?" दोन-तीन मिनिटांचा, काकू. दिवा लावून, सदरा वर करून, छाती आणि गळा दिसेल असा. पंखा बंद ठेवा, नाहीतर आवाज येत नाही.