स्टेशन रोडवरचं ‘सातशे वर्षांचं’ हॉटेल

आमच्या स्टेशन रोडवरच्या जुन्या हॉटेलाच्या इमारतीबद्दल एक पोस्ट सध्या जालन्यापासून परभणीपर्यंत फिरतेय. म्हणे ही सातशे वर्षांची सराय आहे, कमानीवर १३२२ साल कोरलंय. पुढे ब्रिटिश कलेक्टरनं तिचा बंगला केला आणि १५ ऑगस्ट १९४७ ला ती गावाच्या ताब्यात आली.

दगडावर १३२२ आहे, हे खरं. पण पोस्टमधला फोटो डावीकडून कापलाय. कापल्या गेलेल्या भागात आकड्याला लागूनच उर्दू ‘फे’ हे अक्षर आहे, म्हणजे फसली, महसुलाची कालगणना. निजामाच्या राज्यात कचेरीचे कागद फसली सनातच निघायचे. घरातली जुनी पहाणीपत्रकं काढून बघा. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतं: १९१२-१३. पोस्टवाल्यांचं ऐकायचं तर मुहम्मद तुघलकानं १३२७ ला दौलताबादेत राजधानी आणली, त्याच्याही आधी आमच्याकडे लॉज होतं!

आत जाऊन मान वर केली असती तरी पुरे होतं. छताला लोखंडी गर्डर आणि त्यावर शहाबादी फरशी. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास झाली, जिनिंग-प्रेसिंग आलं, कापसाचे दलाल मुक्कामाला उतरू लागले. इमारतीचं तोंड स्टेशनकडे आहे ते काय उगाच?

ब्रिटिश कलेक्टरचं तर विचारूच नका. ही मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख होता, इथं जिल्ह्याला अव्वल तालुकदार असायचा, तोही निजामाचा. गोरे अधिकारी हिंगोली, मोमिनाबादच्या (आताचं अंबाजोगाई) छावण्यांत होते खरे, पण ते फौजेचे. जुन्या गोष्टीत साहेब घातल्याशिवाय आपल्याला ती भारी का वाटत नाही, कोण जाणे.

राहिला १५ ऑगस्ट. त्या दिवशी आपल्याकडे सत्तांतर झालंच नाही. तिरंगा फडकवला म्हणून स्वामी रामानंद तीर्थांना हैदराबादेत अटक झाली, तो हा दिवस. निजामाची राजवट संपायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. ही तारीख मराठवाड्यातल्या माणसानं चुकवावी, याचा मला सालाच्या घोळापेक्षा जास्त राग आला.

कमानीवर आता ऑइलपेंट चढलाय, तरी अक्षरं उठून दिसतात. आकड्याच्या वर आणखी एक ओळ आहे. उर्दू वाचणारं कुणी सोबत न्या आणि फोटो पूर्ण काढा.