‘समूहाला अक्कल नसते’ या दाव्याची उलटतपासणी

ग्रामसभेची नोटीस लागली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: समूहाची बुद्धी त्यातील सर्वांत मूर्ख माणसाइतकीच असते, चारचौघांत बसलेला माणूस डोळ्यांना दिसते तेही नाकारतो, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे, चर्चेत केवळ वेळ जातो, आणि खोताच्या (गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या) एका शब्दावर गाव चालत होते तेव्हाच कोकण सुखी होते. ‘आमच्या गावाला तंतोतंत लागू’ अशी पुस्ती त्याला जोडणाऱ्यांत माझे काही स्नेहीही आहेत, म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा साध्या मोजमापापुढेही टिकत नाही. 1906 साली इंग्लंडमधील प्लिमथच्या पशुप्रदर्शनात, कापून साफ केल्यावर एका बैलाचे वजन किती भरेल याचे अंदाज लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिले होते. शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी वाचता येण्याजोग्या 787 चिठ्ठ्या तपासल्या. त्यांचा मध्यक, म्हणजे सगळे अंदाज चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा अंदाज, 1207 पौंड आला आणि प्रत्यक्ष वजन 1198 पौंड भरले. कोणी जास्त सांगितले होते, कोणी कमी, आणि चुका परस्परांना छेद देऊन गेल्या. अर्थात हे साधले ते प्रत्येकाने आपला अंदाज वेगळा लिहून दिल्यामुळे.

दुसऱ्या मुद्द्यामागे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे 1950 च्या दशकातील रेषांच्या लांबीचे प्रयोग आहेत, पण मजकुरात त्यांची अर्धीच गोष्ट येते. दिलेल्या रेषेइतकी लांब रेषा कोणती, हे गटात बसून सर्वांसमक्ष सांगायचे होते. आधीच पढवून ठेवलेल्या मंडळींनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले तेव्हा सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्यांच्या बाजूने झुकली, हे खरे. म्हणजेच दोन तृतीयांश झुकली नाहीत. शिवाय त्या मंडळींत खरे बोलणारा एक जरी ठेवला, तरी चुका पूर्वीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर आल्या.

खरा वाद आहे तो चर्चेविषयी, आणि एकट्याने शांतपणे केलेला विचार श्रेष्ठ, ही समजूत येथेच सर्वांत दुबळी ठरते. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचे 1966 चे कोडे पाहा. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला संख्या आहे. चार पत्त्यांवर अ, क, 4 आणि 7 दिसत आहेत. ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते’ हा नियम तपासण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक जण ‘अ’ आणि ‘4’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘7’ आहे, कारण 4 च्या मागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही, पण 7 च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. 1998 साली मॉशमन आणि गाइल यांनी अशाच कोड्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा एकट्याने सोडवणाऱ्यांपैकी 9 टक्के जणांना उत्तर साधले, तर पाच-सहा जणांच्या गटांपैकी 75 टक्के गटांना. याचे कारण गूढ नाही. एकटा माणूस आपल्या पहिल्या उत्तराला पुरावे गोळा करत बसतो. समोरचा ‘ते कसे काय?’ असे विचारतो, तेव्हा त्याला कारण द्यावे लागते आणि लंगडे कारण तिथेच उघडे पडते. आमच्याकडे कुठल्याही विधानावर ‘कशावरून?’ विचारणारा एक गाववाला प्रत्येक बैठकीत असतोच. त्याला खेकसून गप्प करण्याची आपली रीत मात्र घातक आहे.

मजकुरातील एक तक्रार मी मान्य करतो: बैठका पुष्कळदा फसतात. स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली दाखवले की गट सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच बोलत राहतो आणि एकेकट्याकडची माहिती मागे राहते. मे महिन्यात कुठल्या वाडीची विहीर आधी आटते, हे पाणी भरणाऱ्या बाईला सरपंचांपेक्षा नेमके माहीत असते. पण मानकऱ्यांनी आधी मत सांगून टाकले की ती बोलत नाही. ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. तिची कागदोपत्री बोळवण करायची आणि मग समूहाला अक्कल नाही म्हणायचे, हा न्याय अजब आहे.

राहिला खोत. तो एकटा ठरवत असे, परंतु त्याच्या चुकीची भरपाई कूळ करीत असे आणि ‘कशावरून?’ विचारणारा त्याच्यापुढे उभा राहू शकत नसे. ते राज्य सुखाचे असते, तर नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून 1939 पर्यंत जमिनी पडीक ठेवून संप केला नसता, आणि 1937 साली डॉ. आंबेडकरांना खोती रद्द करण्याचे विधेयक मांडावे लागले नसते. एकट्या कुळाने नांगर खाली ठेवला असता, तर त्याची जमीन खोताने दुसऱ्या कुळाला देऊन टाकली असती.