बुबका आणि तो एक सेंटीमीटर

‘सर्गेई बुबकानं ३५ वेळा विश्वविक्रम मोडला, दर वेळी फक्त एका सेंटीमीटरनं, कारण प्रत्येक विक्रमाला बोनस मिळायचा. ऑलिंपिकमध्ये बोनस नव्हता, तिथं तो हरला.’ हा मजकूर सारखा फिरत असतो. बुबका हा सोव्हिएत संघाचा, नंतर युक्रेनचा पोल व्हॉल्टपटू, म्हणजे लांब लवचीक काठीच्या (पोलच्या) आधारे उंच आडव्या दांडीवरून उडी मारणारा खेळाडू. खाली नोकरदारांना सल्लाही जोडलेला असतो: साहेबाला सगळं एकदम दाखवू नका. पोल व्हॉल्टवर जीव असलेल्याला हे वाचून वाईट वाटतं. ३५ हा आकडा खरा आहे, पण त्याभोवती रचलेली गोष्ट खोटी आहे.

आधी ‘दर वेळी एक सेंटीमीटर’. ३५ पैकी १८ विक्रम इनडोअर, १७ मैदानावरचे. मैदानावर त्याच्या आधीचा विक्रम होता ५.८३ मीटर. त्यात १७ विक्रमांचे एकेक, म्हणजे १७ सेंटीमीटर मिळवले की होतात बरोबर ६ मीटर. बुबकानं ६ मीटर गाठले ते पाचव्याच विक्रमात, १३ जुलै १९८५ ला पॅरिसमध्ये. तेही ५.९४ वरून थेट, म्हणजे एका उडीत सहा सेंटीमीटर! मैदानावरचे सात विक्रम एका सेंटीमीटरहून मोठे आहेत. एकेक सेंटीमीटरची लांब रांग लागली ती १९९१ ते १९९४ मध्ये, ६.०७ पासून ६.१४ पर्यंत.

आणि रोम कसं विसरायचं? ३१ ऑगस्ट १९८४. फ्रान्सच्या थिएरी विन्यरॉननं ५.९१ ओलांडून बुबकाचा विक्रम मोडला. तो परत घ्यायला ५.९२ पुरले असते. बुबकानं काही मिनिटांत ५.९४ पार केले.

बोनस त्याला मिळत असे, हे मी नाकारत नाही. पण ‘हातचं राखून उडी मारली’ म्हणणाऱ्यांना हा खेळ कळलेला नाही. विक्रमाचा प्रयत्न बहुधा स्पर्धेच्या शेवटी येतो, आधीच्या उड्यांनी हातपाय दमलेले असताना. धाव, पकडीची उंची, पोलचा ताठपणा, वारा, सगळं एकाच उडीत जुळावं लागतं. सलग तीन चुका झाल्या की दिवस संपला. विक्रम ६.०९ असताना दांडी ६.१५ वर लावली आणि पाडली, तर विक्रम मिळत नाहीच. म्हणून तर स्वीडनचा पोल व्हॉल्टपटू डुप्लांटिस यानंही २०२० ते २०२५ मध्ये ६.१७ पासून ६.३० पर्यंतचे चौदाही विक्रम एकेक सेंटीमीटरनंच केले.

पैशाशिवाय तो उडत नव्हता म्हणावं, तर जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत रोख बक्षिसं सुरू झाली १९९७ मध्ये. त्याआधी १९८३ पासूनच्या पाचही स्पर्धांत सुवर्ण त्याचंच होतं. सहावं १९९७ चं. पहिलं जिंकलं तेव्हा पोरगा १९ वर्षांचा होता.

राहिलं ऑलिंपिक. १९८४ ला सोव्हिएत संघानं बहिष्कार घातला. लॉस एंजेलिसचं सुवर्ण ५.७५ वर गेलं, आणि बुबकानं त्याच जुलैत लंडनमध्ये ५.९० ओलांडले होते! बार्सिलोना आणि सिडनीत त्याला एकही उंची पार करता आली नाही, अटलांटात टाचेच्या दुखापतीनं उडीच मारता आली नाही. हे अपयश खरंच आहे. पण १९८८ चं सोल या मजकुरातून गाळलं जातं. तिथं त्याचाच सहकारी गताउलिन ५.८५ ओलांडून पुढे होता. ५.९० वर बुबकाचे दोन प्रयत्न वाया गेले होते. तिसऱ्या आणि शेवटच्या प्रयत्नात तो दांडीपलीकडे गेला, आणि सुवर्ण त्याचं झालं.